गालिच्यातल्या पाण्याचा जमाखर्च : प्रस्तावना

गालिचा धुण्याच्या मशीनला दोन टाक्या असतात. एकीतलं स्वच्छ पाणी पंप पुढे ढकलतो आणि ते नोझलमधून फवारा होऊन गालिच्यावर पडतं. तेच पाणी मळ घेऊन सक्शनच्या जोरावर दुसऱ्या टाकीत परत येतं. मशीन विकायला आलेला माणूस हमखास या दुसऱ्या टाकीचं झाकण उघडून दाखवतो आणि आतलं काळंकुट्ट पाणी बघून गिऱ्हाईक तिथेच अर्धं पटतं. पाण्याचा रंग सगळे बघतात, माप मात्र कोणी घेत नाही. दहा लिटर सोडले आणि सात परत आले, तर तीन लिटर गालिच्यात बसलेत, एवढा साधा हिशेब. पण तो मांडायची पद्धत आपल्याकडे पडलेली नाही. हे पुस्तक त्या तीन लिटरांविषयी आहे.

‘यावर काय पुस्तक लिहायचं?’ असं विषय ऐकून काहींनी विचारलं. कॉक उघडायचा, काम झालं की बंद करायचा, यात लिहिण्यासारखं काय? गंमत अशी, की आपल्याकडे वापरात असलेल्या बहुतेक छोट्या मशीनवर पाण्याचा कॉकच नसतो. पंपाचं प्रेशर कारखान्यातच ठरलेलं असतं, नोझल बसवूनच येतं आणि चालवणाऱ्याच्या बोटाखाली उरतो एक ट्रिगर. तरीही त्याच मशीनने एक जण धुतो तेव्हा गालिचा संध्याकाळपर्यंत वाळतो, आणि दुसरा धुतो तेव्हा दोन दिवस ओला राहून तिसऱ्या दिवशी वास मारायला लागतो. पाणी आवरलं जातं ते चार ठिकाणी: नोझलच्या भोकात, हाताच्या वेगात, सक्शनच्या ओढीत आणि खोलीतल्या हवेत. यातल्या पहिल्या ठिकाणाचा सगळ्यांत जास्त बोलबाला आहे. माझ्या मते ते सगळ्यांत कमी महत्त्वाचं.

गालिचे धुण्याची जुनी रीत भरपूर पाण्याची. तेहरानला लागून असलेल्या रे शहरात चश्मे-अली नावाचा झरा आहे. तिथे गालिचे पाण्यात धुऊन शेजारच्या खडकांवर उन्हात पसरत. काशानजवळच्या मश्हद-ए-अर्देहाल इथे तर गालिचा धुण्याचा एक धार्मिक विधीच आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये त्याची आपल्या वारशाच्या यादीत नोंद केली. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याला इतकं पाणी सोसतं, कारण सुती ताणाबाणा आणि लोकरीच्या गाठी यांखेरीज त्यात काही नसतं. ना गोंद, ना चिकटवलेलं अस्तर. पोहे धुताना जे करतो तेच इथे: पाणी हवं तेवढं घ्या, पण लगेच निथळू द्या. रंग पक्का असेल आणि वर ऊन असेल तर अशा गालिच्याचं काही बिघडत नाही.

युरोप-अमेरिकेतल्या थंड, बंद घरांमध्ये ही चैन नव्हती. तिथे गालिचा अंगणात टांगून झोडपत, किंवा झाडत. अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या मेल्विल बिसेल यांनी १८७६ मध्ये फिरत्या ब्रशचा झाडू पेटंट केला. लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथ यांचं हवा ओढणारं यंत्र १९०१ मधलं. दोन्ही कोरडी कामं. पाण्याचा खरा पेच पडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. जॉर्जिया राज्यातलं डाल्टन हे गाव आधी टफ्ट काढलेल्या पलंगपोसांसाठी नावाजलेलं होतं. तिथल्या मशीनवर मोठ्या रुंदीचे स्वस्त गालिचे निघू लागले, ड्युपाँटचं नायलॉन त्यांत आलं, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा ठोकून बसवायची चाल पडली. जमिनीला जखडलेला गालिचा झऱ्यावर कसा नेणार? आता पाणी घरात आणणं भाग होतं, आणि परत नेणंही.

आणण्याची सोय आधी झाली, नेण्याची नंतर. गोल ब्रशच्या मशीनने शाम्पूचा फेस घासायचा आणि वाळल्यावर व्हॅक्यूम मारायचा, ही पद्धत कित्येक वर्षं चालली. त्यात साबण गालिच्यातच राहायचा, त्याला धूळ चिकटायची आणि धुतलेला गालिचा न धुतलेल्यापेक्षा लवकर मळायचा. १९७० च्या दशकात फवारा आणि सक्शन एकाच दांड्याला जोडणारी मशीन रुळली. आपल्याकडचे मशीनवाले या दांड्याला वँडच म्हणतात. अमेरिकेत पंप, हीटर आणि सक्शन असं सगळं बिऱ्हाड गाडीत बसवून फक्त पाइप घरात नेण्याची पद्धत वाढली. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये अ‍ॅलन ब्रेझिअर यांनी सुरू केलेल्या व्हॅक्सने हेच काम घरगुती आकारात आणलं. जर्मन कंपन्यांनी मधला आकार पकडला: आठ-दहा लिटरची टाकी, चाकं, हातात उचलून जिना चढवता येईल असं वजन. भारतातल्या हॉटेलांत आणि सफाईच्या ठेक्यांत दिसतो तो बहुतेक हाच आकार. याच सुमारास, १९७२ मध्ये, अमेरिकेत या धंद्याची परीक्षा घेणारी आणि मानकं ठरवणारी संस्था उभी राहिली. आज ती आयआयसीआरसी म्हणून ओळखली जाते आणि गालिच्याच्या सफाईचं तिचं एस-१०० हे मानक जगभर आधाराला घेतलं जातं.

गालिच्याच्या पोटात काय असतं हे ठाऊक नसेल तर पाण्याविषयी बोलणं फुकट आहे. आज विकला जाणारा बहुतेक गालिचा टफ्टेड असतो. कापडाच्या पाठीतून सुईने धागे ओवतात आणि ते निघू नयेत म्हणून मागे लॅटेक्सचा थर देऊन दुसरं कापड चिकटवतात. भदोही-मिर्झापूर पट्ट्यात हाताने गाठी मारलेले गालिचे होतात तसेच हातातल्या बंदुकीने टफ्ट केलेलेही होतात, आणि वरून बघून दोन्ही सारखेच वाटतात. कोपरा उलटा करून बघा. मागे नक्षी आणि गाठी स्वच्छ दिसल्या तर तो पाणी सोसणारा. मागे सपाट कापड चिकटवलेलं दिसलं तर खाली लॅटेक्स आहे, आणि वारंवार चिंब झालेलं लॅटेक्स कालांतराने भुगा होऊन सुटतं. हे उलटून बघायला पाच सेकंद लागतात. पण गालिचा नासल्यानंतर दुरुस्तीला आणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते केलेलं असतं.

धाग्यांचे स्वभावही वेगवेगळे. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ पीतच नाही. पॉलिएस्टर अगदी थोडं, नायलॉन वजनाच्या चारेक टक्के. लोकर मात्र आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात ठेवते आणि हाताला कोरडीच लागते. हात फिरवून ‘वाळला’ म्हणणारा माणूस लोकरीपुढे नेमका इथे फसतो. त्याहून दगाबाज ताग. जुन्या ब्रिटिश गालिच्यांची पाठ तागाची. बंगालचा ताग स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत जाऊन त्याचं सूत आणि कापड व्हायचं. ताग भिजून हळूहळू वाळला की त्यातला तपकिरी रंग पाण्याबरोबर वर चढतो आणि फिक्या गालिच्यावर चहा सांडल्यासारखे पट्टे उठतात. शिवाय विणलेला गालिचा भिजून आक्रसतो आणि भिंतीकडच्या खिळ्यांतून निसटतो. १७५५ मध्ये गालिचे विणू लागलेल्या अ‍ॅक्समिन्स्टरच्या देशात, म्हणजे ब्रिटनमध्ये, पाण्याकडे संशयाने बघतात आणि डाल्टनच्या देशात बिनधास्त पाणी मारतात, त्याचं मूळ इथे आहे. दोघांचे गालिचेच निराळे.

या व्यवसायात आज चार-पाच पंथ आहेत. पहिला पंथ धुऊन काढणाऱ्यांचा: गरम पाणी मारा आणि ओढून घ्या. दुसरा अल्प पाण्याचा. यात असं रसायन फवारतात, की ते वाळताना मळाला वेढून त्याचे ठिसूळ कण करतं, आणि ते मग व्हॅक्यूमने उचलले जातात. तिसरा पंथ ओलसर गोल पॅड फिरवणाऱ्यांचा, चौथा दमट भुकटी पसरून झाडणाऱ्यांचा. पूर्ण बुडवून धुणाऱ्यांचा जुना पंथ हातगाठींच्या गालिच्यांपुरता अजून जिवंत आहे. यांच्यातली भांडणं ऐकली की वाटतं, इथे धर्मयुद्ध चाललंय. अल्प पाणीवाले म्हणतात, तुम्ही जमीन भिजवता. धुणारे म्हणतात, तुम्ही मळ काढत नाही, तो फक्त लपवता. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून भांडण मिटत नाही. रोज हजार पावलं पडणाऱ्या कार्यालयाच्या मार्गिकेत दर महिन्याला अल्प पाण्याची पद्धत आणि वर्षातून एक-दोनदा खळखळून धुणं, असा मध्यममार्ग मला पटतो. पॅड फिरवण्याच्या पद्धतीविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. ती वरवर चकाचक करते आणि मळ खाली ढकलते. लग्नाचा हॉल दोन तासांत उभा करायचा असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

हे पुस्तक मुख्यतः पहिल्या पंथाचं, कारण पाणी आवरण्याचा प्रश्न तिथेच सर्वांत टोकाचा होतो.

आता नोझल. त्याच्यावर बारीक अक्षरात एक आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ८००२. पहिले दोन आकडे फवाऱ्याचा कोन सांगतात, ८० अंश. पुढचे दोन सांगतात, की ४० पौंडांच्या दाबाला मिनिटाला ०.२ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ७६० मिलिलिटर पाणी निघेल. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना हे सांगावं लागत नाही. फवारणीच्या नोझलवर तेच आकडे त्यांनी वाचलेले असतात. दाब दुप्पट केला म्हणून पाणी दुप्पट होत नाही. ते दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दुप्पट दाबाला साधारण १.४ पट. वरचंच नोझल १०० पौंडांना मिनिटाला १.२ लिटर देतं आणि ४०० पौंडांना २.४ लिटर. दाब चौपट, तेव्हा कुठे पाणी दुप्पट. त्यामुळे ‘प्रेशर वाढवलं’ म्हणून कोणी काळजीत पडला तर निदान पाण्याच्या मापाबाबत ती काळजी थोडी अवाजवी असते. चिंता करावी ती भोकाची. बोअरच्या जड पाण्याने त्यात क्षार बसतात आणि फवाऱ्याच्या पंख्यात एक फट पडते. गालिच्यावर तेवढी एक रेघ कोरडी राहते. चालवणारा ती रेघ भिजवायला पुन्हा हात फिरवतो आणि आजूबाजूचा सगळा भाग दुप्पट भिजतो. मग कोणीतरी खिशातली टाचणी काढतो. टाचणीने पितळेचं भोक मोठं होतं, आणि त्या दिवसापासून ते नोझल ८००२ राहत नाही, भले वर तसं लिहिलेलं असो. रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवलं तर तेच काम नुकसान न होता होतं.

हाताचा वेग हा खरा कॉक. तीस सेंटिमीटर रुंदीचा वँड, मिनिटाला १.२ लिटर पाणी, आणि हात सेकंदाला तीस सेंटिमीटर मागे येतोय असं धरा. सेकंदाला २० मिलिलिटर पाणी ०.०९ चौरस मीटरवर पडतं, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २२० मिलिलिटर. हात निम्म्या वेगाने आला की हेच ४४० होतं. मशीन तेच, नोझल तेच. दिवसाच्या शेवटी दमलेला हात मंदावतो आणि पाणी आपोआप वाढतं, ही गोष्ट कुठल्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेली मला दिसली नाही.

सरावलेला माणूस बघा. ट्रिगर दाबण्याआधी त्याचा हात चालू झालेला असतो, त्यामुळे सुरुवातीला डबकं होत नाही. वँड ओढत आणताना शेवट यायच्या वीतभर आधी तो ट्रिगर सोडतो. पाइपात उरलेलं पाणी तेवढ्या वितीला पुरतं. मग त्याच पट्ट्यावरून ट्रिगर न दाबता दोनदा ओढतो, सावकाश, वँडची ओठपट्टी गालिच्याला पुरती टेकवून. वँडवरच्या पारदर्शक झाकणाखालून जाणारे थेंब तुटक झाले की पुढच्या पट्ट्याकडे. नवशिका नेमकं उलट करतो. पाणी मारताना रेंगाळतो आणि कोरडी ओढ घाईत उरकतो. मला जर एकच गोष्ट शिकवायची मुभा असती तर मी ही कोरडी ओढ शिकवली असती: एक ओली, दोन कोरड्या, आणि कोरड्यांना ओलीपेक्षा जास्त वेळ.

सक्शनचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यांत लांबलं आहे आणि त्याबद्दल मी दिलगीर नाही. पाणी आत टाकणारा पंप छोटा आणि चिवट असतो, पाणी ओढणारी मोटर मोठी आणि नाजूक. त्यामुळे बिघाड होतो तो जवळजवळ नेहमी परतीच्या वाटेवर. पाइप लांब घेतला, की हवेचा वेग घटतो. घाण पाण्याच्या टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं, की हवा तिथूनच शिरते आणि वँडला ओढ उरत नाही. पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवून बघा; तो खेचून धरला गेला नाही तर आधी रबर तपासा, मोटर नंतर. साबण जास्त झाला, की टाकीत फेस चढतो. आतला फ्लोट कधी फेसानेच उचलला जाऊन ओढ तोडतो, तर कधी फेस त्याला चुकवून थेट मोटरमध्ये जातो. आणि एक खास आपल्याकडचं दुखणं: हॉलच्या एका टोकाच्या सॉकेटमधून बारीक वायरचं लांब एक्स्टेन्शन ओढून आणलेलं. वायरमध्ये व्होल्टेज पडतं, मोठी मोटर दमते, छोटा पंप मात्र आपला जोमात चालू. पाणी पूर्ण जातं आणि अर्धवट येतं. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची आणि एका सर्किटवर १५ अँपिअर, म्हणून तिथल्या मोठ्या मशीनना दोन वायरी असतात, वेगवेगळ्या सर्किटवर लावायला. आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत. सोळा अँपिअरचं सॉकेट आणि जाड तांब्याची वायर एवढ्यावर काम भागतं. ओल्या जमिनीवर वीज चालवतो आहोत, तेव्हा गळती होताच वीज तोडणारा स्विच लावलेला असावा, हे मी पुस्तकभर पुन्हा पुन्हा बजावलं आहे. वाचणाऱ्याला कंटाळा आला तरी चालेल.

पाणी कमी म्हणजे चांगलं, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. हेन्केल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये सफाईचे चार घटक एका वर्तुळात मांडले: रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. एक कमी केलात तर दुसरा वाढवावा लागतो. हाउसकीपिंग शिकणारी मुलं हे वर्तुळ पाठ करतात. त्यात पाण्याला वेगळा वाटा नाही, कारण हे चारही घटक पाण्यातूनच काम करतात. तरीही पाणी आखडलं, की साबण मागे राहतो, हे सगळ्यांच्या अनुभवाचं आहे. तो चिकट थर पंधरा दिवसांत गालिचा पुन्हा काळा करतो. म्हणून आधी कोरडा व्हॅक्यूम, कारण भिजवलेल्या धुळीचा चिखल होतो. मग हातपंपाने रसायनाची हलकी फवारणी, दहाएक मिनिटं थांबणं, आणि शेवटी साध्या पाण्याने खंगाळणं. खंगाळायला लागेल तेवढं पाणी वापरायचंच. ते परत घ्यायचं, एवढीच अट.

‘डाग परत आला’ ही या धंद्यातली सर्वांत जुनी तक्रार. कॉफी सांडते तेव्हा ती धाग्याच्या टोकाला थांबत नाही, मुळाशी जाते. आपण टोक धुतो, डाग दिसेनासा होतो, गिऱ्हाईक पैसे देतं. पण मुळाशी पोचलेल्या जादा पाण्यात खालची कॉफी विरघळते. गालिचा वरून वाळत असल्यामुळे ते पाणी धाग्याधाग्यातून वर चढतं आणि टोकाशी हवेत उडून जाताना कॉफी तिथेच टाकून जातं. दुसऱ्या दिवशी डाग जिथल्या तिथे, कधी आधीपेक्षा मोठा. मग आणखी पाणी मारलं जातं. उपाय उलटा आहे: थोडं पाणी, भरपूर कोरडी ओढ, आणि वर पांढऱ्या टॉवेलची घडी ठेवून त्यावर वजन, म्हणजे चढणारी कॉफी धाग्याऐवजी टॉवेलात जाते.

हा विषय आत्ताच का, तर काम करणाऱ्यांची संख्या वाढली आणि शिकवणाऱ्यांची वाढली नाही म्हणून. मोबाइलवरून बोलावल्या जाणाऱ्या सफाईसेवांमुळे मुंबई-पुण्यात सोफा आणि गालिचा धुणं हे काही हजारांत परवडणारं नेहमीचं काम झालं आहे. मुलगा मोटारसायकलवर मशीन बांधून येतो, दिवसात तीन-चार घरं करतो, आणि त्याला मिळालेलं शिक्षण म्हणजे आधीच्या मुलाने केलेलं बघितलेलं. सोफ्याचा फोम गालिच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो आणि ते वरून कळतही नाही. दुसरीकडे हिंजवडी, ऐरोली, वांद्रे-कुर्ला संकुल इथल्या कार्यालयांत चौकोनी कार्पेट टाइल्स आल्या. रे अँडरसन यांनी १९७३ मध्ये जॉर्जियात सुरू केलेल्या इंटरफेस कंपनीने हा प्रकार जगभर नेला. खराब झालेली एक टाइल उचलून बदलता येते, ही त्याची सोय. पण दोन टाइलींच्या सांध्यातून पाणी खाली उतरतं, आणि अशा कित्येक कार्यालयांत खाली उचललेली जमीन असते, तिच्या पोटात विजेच्या आणि संगणकांच्या केबली. तिथे जादा पाणी म्हणजे नुसता वास नव्हे.

पाणी किती राहिलं, की वाईट? चौरस मीटरला शे-दीडशे मिलिलिटर राहिलं तर पंखा लावून त्या दिवशीच वाळतं. हात मंद आणि सक्शन अधू असेल तर लिटरभरही राहू शकतं. दोनशे चौरस फुटांच्या खोलीत हे अठरा-एकोणीस लिटर झाले, जवळजवळ एक बादली. नागपूरच्या मे महिन्यात ती बादली हवा कशीबशी पिऊन टाकेल. मुंबईच्या जुलैत, किंवा कोकण-गोव्यातल्या समुद्राकाठच्या हॉटेलात, हवेलाच आधीचं पाणी जड झालेलं असतं. तिथे खिडक्या उघडणं म्हणजे बाहेरचा दमटपणा आत बोलावणं. खिडक्या बंद, एसी चालू, पंखे जमिनीलगत, असा क्रम लागतो. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ओल टिकली तर बुरशी धरू शकते, हे धरून काम आखावं. धुण्याचा मुहूर्त हवामान बघून काढावा, एवढी साधी गोष्ट ठेक्याच्या कागदांत कधी नसते. तिथे फक्त ‘तिमाहीतून एकदा’ असतं, मग ती तिमाही भर पावसाळ्यात का संपेना.

गालिचा घरात नसलेल्या बहुसंख्य मराठी वाचकांना हे पुस्तक काय देणार, असा प्रश्न येईल. काहीच नाही, असं प्रामाणिक उत्तर आहे. हे पुस्तक मशीन चालवणाऱ्यांसाठी, त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरसाठी, हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि एक-दोन मशीनवर धंदा उभा करू पाहणाऱ्यांसाठी आहे. यातली बरीच मंडळी मराठी वाचतात आणि मशीनबरोबर येणारी पुस्तिका त्यांना वाचता येत नाही. नोझल, वँड, ट्रिगर, सक्शन हे शब्द ती बोलतात तसेच ठेवले आहेत. आकडेमोड चौथी-पाचवीच्या गणिताबाहेर जाणार नाही अशी बेतली आहे; वर्गमूळ एकदाच येतं आणि तिथेही तयार कोष्टक दिलं आहे. कोणतं मशीन घ्यावं हे सांगितलेलं नाही. मॉडेलं दर दोन वर्षांनी बदलतात, पाणी बदलत नाही. पुरात बुडालेले गालिचे हा वेगळा विषय आहे, त्याची शिस्त आणि मानकंही वेगळी. त्याला हात घातलेला नाही. घाण पाणी कुठे ओतायचं यावर मात्र एक प्रकरण हट्टाने ठेवलं, कारण ते सोसायटीच्या झाडांना घातलेलं पाहिलं आहे. त्यात अल्कली असते. ते न्हाणीच्या मोरीत, सांडपाण्याच्या वाटेनेच जायला हवं.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. ज्याच्या मशीनची ओढ कमी झाली आहे त्याने सक्शनपासून सुरुवात करावी, ज्याचे डाग परत येतात त्याने धाग्यांपासून. नवशिक्याने वँड हातात घेऊन, कोरड्या जमिनीवर, मशीन बंद ठेवून वेगाचा सराव करावा आणि मगच पुढची पानं उलटावीत.

शेवटी एक विनंती, आणि ती मशीन चालवणाऱ्यांना नाही. कार्यालयांचे आणि सभागृहांचे गालिचे बहुधा शनिवारी रात्री धुतले जातात. त्याच रात्री इमारतीचा एसी बंद होतो, पंखे बंद होतात, दारं लागतात, आणि सोमवारी सकाळी वासाचा ठपका धुणाऱ्यावर येतो. इमारतींच्या व्यवस्थापकांनी काम देतानाच, गालिचा वाळेपर्यंत एसी आणि पंखे चालू राहतील अशी लेखी परवानगी ठेक्यात घालावी. विजेचं बिल थोडं वाढेल. रात्रपाळीच्या कामगाराला एसीच्या बटणाला हात लावायचीही मुभा नसते.